बाबांचा घाट, आईचा वर्ख आणि कानाझावा

टोकियो, 14 नोव्हेंबर

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या शनिवारी-रविवारी कानाझावाला जाऊन आले. तेव्हापासून डोक्यात एकच आहे, तुम्ही आलात की क्योटोच्याही आधी तुम्हाला तिथे न्यायचं.

बाबा, आधी तुमचा विषय. टोकियो ते कानाझावा 450 किलोमीटर, वेगवान शिनकान्सेन बुलेट ट्रेनने अडीच तासांच्या आत. 2015च्या मार्चपर्यंत मध्ये गाडी बदलून चारेक तास लागायचे. वाटेत उसुइचा घाट आहे. तुमच्या कसारा घाटात 37ला 1 चढ, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. इथे जुन्या मार्गावर 15ला 1! इगतपुरीला असताना गाडीला घाट चढवणारी बँकर इंजिनं दाखवायला तुम्ही मला न्यायचात ना, तशी इथेही प्रत्येक गाडीला जोडइंजिनं लागत. 1997मध्ये शिनकान्सेनचा मार्ग झाला आणि घाटातली ती जुनी लाइन बंद झाली. नव्या मार्गाचा चढही 33ला 1 आहे, पण बारा डब्यांची गाडी कुणाच्या मदतीशिवाय चढते. शिवाय पूर्व जपानची वीज 50 हर्ट्झची, पश्चिमेची 60ची. ही गाडी धावता धावता एकीवरून दुसरीवर जाते. तुम्ही शेजारी असतात तर किती प्रश्न विचारले असते, असं सारखं वाटत होतं.

विमान मात्र टोकियोचंच घ्या. 2024मध्ये शिनकान्सेन पुढे त्सुरुगापर्यंत गेली, तेव्हापासून ओसाकाहून येणारी थेट गाडी त्सुरुगालाच थांबते. तिथे सामान घेऊन दुसऱ्या मजल्यावरच्या फलाटावर पळायचं. मला हे अजिबात पटलेलं नाही, आणि बाबांच्या गुडघ्याला तर नकोच.

स्टेशनातून बाहेर पडलं की समोर प्रचंड लाकडी कमान दिसते. जपानच्या पारंपरिक नो नाटकात वाजतो त्या त्सुझुमी ढोलाचे जणू दोन पिळदार खांब. आपल्या डमरूसारखाच मधे बारीक असतो तो.

आई, तुझ्यासाठी सोन्याचा वर्ख. जपानातला जवळजवळ सगळा वर्ख याच गावात होतो, क्योटोच्या सुवर्णमंदिरावरचाही इथलाच. दहा येनच्या नाण्याएवढं सोनं ठोकत ठोकत चटईएवढं पसरवतात. जाडी मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. बोट लावलं तर बोटालाच चिकटून जाईल, म्हणून बांबूच्या चिमट्याने उचलतात आणि सुरकुती पडली तर हलकीशी फुंकर घालून सरळ करतात. वर्ख उचलणाऱ्या बाईंची फुंकर बघताना दिवाळीत बर्फीवर चांदीचा वर्ख लावताना श्वास धरून बसणारी तू आठवलीस. तिथेच डोळे भरून आले माझे. इथली हवा दमट, म्हणून वर्ख उडत नाही म्हणे. पाऊस आणि बर्फ इतका, की जेवणाचा डबा विसर पण छत्री विसरू नकोस, अशी तिथली म्हण आहे.

हे सगळं टिकलं कसं? इथल्या माएदा या सरदार घराण्याची जहागीर दहा लाख कोकुंची. एक कोकु म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ. एवढ्या श्रीमंत सरदाराने सैन्य वाढवलं असतं तर शोगुनला, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाला, संशय आला असता, म्हणून पैसा नाटक, चहा, लाखकाम, रेशीम यांत ओतला. आणि दुसऱ्या महायुद्धात गावावर बॉम्ब पडले नाहीत.

केनरोकुएन बागेत 1 नोव्हेंबरपासून पाइनवर दोर बांधायला सुरुवात होते. बर्फ ओला आणि जड पडतो, फांद्या मोडतात. मधे उंच खांब, त्याच्या टोकापासून एकेका फांदीला दोर. एका जुन्या झाडाला साधारण 800! माळी शिडीवर उभं राहून ते इतक्या मायेने बांधत होते, की मी तासभर हललेच नाही.

मार्चच्या मध्यापर्यंत दोर असतात. तोवर थंडीही उतरेल. तेव्हाचंच तिकीट काढू का? बागेत 65 वर्षांवरच्यांना तिकीट नाही, फक्त पासपोर्ट जवळ ठेवा. थालीपिठं मी करून घेईन. बाबा, डाव्या बाजूची खिडकी मागणार आहे, तोयामाजवळ बर्फाचे डोंगर तिकडूनच दिसतात.

रविवारी फोनवर तारीख सांगा.

तुमची,
मनू