पडदा तयार आहे, लॅम्प गेलाय : सोलापूरच्या पूर्व भागातल्या शनिवारच्या फिल्म शोसाठी मदतीचं आवाहन

सर्व सभासद, माजी सभासद, आणि आपल्या गल्लीतून जुळे सोलापूर, पुणे, हैदराबादला राहायला गेलेली आपली सगळी मंडळी, नमस्कार.

रात्रीचे साडेबारा वाजलेत, सकाळी अध्यक्षांना दाखवून हे लगेच ग्रुपवर टाकायचंय, त्यामुळे लिहिण्यात काही मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या. विषय आपल्या शनिवारच्या पडद्याचा आहे, म्हणजे पाणी, कापड, कचरा अशा विषयांवरच्या डॉक्युमेंटरी गल्लीत फुकट दाखवतो त्याचा. गड्डा (सिद्धेश्वरांची यात्रा) संपला की फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी पडदा लावायचा असं मीटिंगमध्ये ठरलं, म्हणून मागच्या रविवारी वाचनालयात प्रोजेक्टर लावून बघितला तर चित्र आधी पिवळं पडलं, मग दोनदा लुकलुकलं आणि गेलं ते गेलंच. मेकॅनिक म्हणाला लॅम्पचं आयुष्य संपलंय, एवढी वर्षं चालला हेच खूप झालं. नवा ओरिजिनल लॅम्प साडेनऊ हजाराला आहे. डुप्लिकेट तीन हजारात मिळतो पण तो आपण एकदा घेऊन बघितलाय, दोन महिन्यांत काळा पडला, परत ती चूक करायची नाही.

आता हा प्रोजेक्टर आला कुठून ते नव्या सभासदांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आपले मुख्याध्यापक सर रिटायर झाले तेव्हा घरच्यांनी सत्काराचा हॉल बघून ठेवला होता, जेवण ठरवलं होतं, सरांनी ते सगळं रद्द केलं आणि त्या पैशात हा प्रोजेक्टर घेऊन वाचनालयाच्या टेबलावर आणून ठेवला. म्हणाले, शाळेत चाळीस पोरांना शिकवायचो, आता गल्लीला शिकवू. तेव्हा सिमेंटच्या भिंतीवर फिल्म दाखवायचो, निम्मं चित्र गिलाव्याच्या पोपड्यांत जायचं. ते बघून आपल्या कारखानदार अण्णांनी पांढरं कापड दिलं, पण त्याला मधोमध शिवण होती आणि ती बरोबर माणसांच्या तोंडावर यायची. अण्णा स्वतः पहिल्या रांगेत बसून बघत होते, काही बोलले नाहीत, पंधरा दिवसांनी मोठ्या पन्ह्याच्या मागावर एकसंध कापड विणून घेऊन आले. ऑर्डरचं काम थांबवून माग त्याला लावला होता हे आम्हाला नंतर कामगारांकडून कळलं. सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय हे सगळ्यांना माहीत आहे, पण आमच्या लेखी सोलापूरच्या मागावरचं सगळ्यात मोलाचं कापड हा पडदाच आहे.

सायकल दुकानवाले चाचा आता आपल्यात नाहीत. पहिली तीन वर्षं वायर त्यांच्या दुकानातून यायची, लाईटबिल कधी विचारलं तर हात जोडायचे आणि चहा पाजायचे. पावसाची चिन्हं दिसली की न सांगता प्लास्टिकची ताडपत्री घेऊन प्रोजेक्टरजवळ उभे राहायचे. त्यांच्या मुलानं आजही ते कनेक्शन चालू ठेवलंय. मंडपवाल्यांनी खुर्च्यांचं भाडं एकदाही घेतलं नाही, लग्नसराईतसुद्धा. बचत गटाच्या ताईंनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली ती कागदात बांधून, थर्माकोलच्या प्लेटा आणायच्या नाहीत असं त्यांनीच आम्हाला बजावलं. आणि विडी कामगार मावश्या. मजुरीच्या दिवशी प्रत्येकीनं १० रुपये काढले, पदराच्या गाठीतून सोडवून एका स्टीलच्या डब्यात टाकले, तो डबा माझ्या हातात देताना म्हणाल्या, मोजून घ्या सर, हिशोब पाहिजे. तो डबा मी जपून ठेवलाय. त्यावेळी माईक आला तो त्या पैशातून.

काहीजण विचारतात की मोबाईलवर सगळं फुकट दिसतंय, मग डॉक्युमेंटरी बघायला गल्लीत कशाला बसायचं. म्हणून दोनचार शो आठवतात ते लिहितो.

पानिपतवर ‘अनरॅव्हल’ नावाची फिल्म आहे, मेघना गुप्ता यांची, २०१२ ची, फक्त १४ मिनिटांची. परदेशात लोकांनी टाकून दिलेल्या कपड्यांचे ढीग पानिपतला येतात, तिथल्या बायका ते फाडतात, बटणं चेन काढतात, मग त्याचं परत सूत होतं. पानिपतचं नाव काढलं की आपल्याकडं चादरीचा धंदा करणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते, तिथल्या मालाशी स्पर्धा ना, तशी त्या दिवशीही पडली होती. पण फिल्ममध्ये त्या बायका एकमेकींशी बोलतात की एवढे चांगले कपडे ही माणसं टाकतात कशाला, बहुतेक तिकडं पाणी फार महाग असेल, धुणं परवडत नसेल. हे ऐकल्यावर आपल्या मावश्यांमध्ये आधी हशा झाला आणि मग एकदम सगळ्या गप्प झाल्या. कारण त्या आठवड्यात आपल्या नळाला पाचव्या दिवशी पाणी आलं होतं. एक आजी उठून म्हणाल्या, पाणी आमच्याकडं महाग आहे तरी आम्ही लुगडं फाटेपर्यंत नेसतो, फाटल्यावर त्याची वाकळ शिवतो, ती विरली की फरशी पुसतो, हे आम्ही पन्नास वर्षं करायलोय, आमच्यावर कुणी फिल्म काढली का? त्या रात्री साडेनऊपर्यंत वाकळांवरच बोलणं चाललं. पुढच्या शनिवारी सात जणी आपापल्या वाकळी घेऊन आल्या आणि पडद्याच्या बाजूला दोरीवर टांगल्या. हे मोबाईलवर होत नाही.

हिवरे बाजारचा शो झाला तेव्हा भांडणच झालं म्हणायचं. तिथं शेतीसाठी बोअर मारायची नाही, ऊस लावायचा नाही, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा, हे ऐकून एक काका चिडले, ते गाव आहे, इथं शहरात कोण कुणाचं ऐकतं म्हणाले. मग दुसऱ्यानं उजनी काढली, की ११७ टीएमसीचं धरण पण त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठ्यातलं, उन्हाळ्यात मायनसमध्ये गेलं की आपण कुणाच्या तोंडाकडं बघायचं. तिसऱ्यानं आपल्याच जिल्ह्यातलं बार्शी तालुक्यातलं सुर्डी सांगितलं, २०१९ ला पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये राज्यात पहिलं आलेलं, तिथं त्यांचा मेहुणा श्रमदानाला होता. सुर्डीचं नाव तिथं बसलेल्या निम्म्या लोकांनी पहिल्यांदा ऐकलं. चिडलेले काका आठ दिवसांनी वाचनालयात आले, स्लॅबचं पाणी बोअरमध्ये सोडायला पाईप कसा टाकायचा ते विचारायला. त्यांची आणि शेजारची अशा दोन बिल्डिंगचं काम झालंय, कुणाला बघायचं असेल तर ते स्वतः दाखवतात. अहो ज्या आपल्या सोलापूरचं तळं बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून उभं केलं, त्या गावाला हे नवीन नाही, मधल्या काळात सवय तुटली एवढंच.

ओल्या कचऱ्याच्या फिल्मनंतर विडीच्या पानांची कात्रणं खतात टाकून बघितली. पान जाड, लवकर कुजत नाही, पहिले दोन ड्रम तसेच राहिले. मग कात्रणं बारीक करून दोन दिवस भिजवली, शेण कालवलं, तंबाखूची भुकटी मात्र कटाक्षानं वेगळी ठेवली, तेव्हा कुठं जमलं. ते खत वाचनालयासमोरच्या कडुलिंबाला घातलंय.

चुका पण झाल्यात, त्याही सांगतो. ‘होम’ नावाची यान आर्थस-बर्त्रां यांची मोठी फिल्म आहे, २००९ ला ५ जूनला जगभर एकदम आली आणि यूट्यूबवर फुकट ठेवली होती, आकाशातून टिपलेली पृथ्वी, बघत राहावं अशी. मोठ्या हौसेनं लावली. दीड तासाची, सगळं बोलणं इंग्रजी. दिवसभर हजार विड्या वळून आलेली बाई किती वेळ इंग्रजी ऐकणार, अर्ध्या तासात निम्म्या खुर्च्या मोकळ्या झाल्या. चूक फिल्मची नव्हती, आमची होती. तेव्हापासून पाऊण तासाच्या आतलीच फिल्म लावतो आणि सोबत आपल्या भाषेत सांगणारा माणूस ठेवतो.

हा सांगणारा माणूस आमच्या पडद्याचा जीव आहे हो. आपल्या गल्लीत तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू सगळं आहे, सबटायटल वाचणारे थोडे आणि त्यातही चष्मा विसरलेले जास्त. म्हणून एक पोरगी, तेव्हा अकरावीत होती, माईक घेऊन पडद्याशेजारी उभी राहिली आणि सीन चालू असतानाच तेलुगूत सांगायला लागली, नुसतं भाषांतर नाही, हे आपल्या अशोक चौकासारखं आहे बघा, ही बाई आपल्या अत्तेसारखी बोलते बघा, असं. लोक फिल्म सोडून तिच्याकडं बघायचे. कन्नडला एक मावशी असायच्या. आता ती पोरगी नर्सिंगला गेलीय, मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आणि आम्हाला माईकवर उभं राहणारं कुणी नाही. पैशापेक्षा मला याची काळजी जास्त लागलीय. लॅम्प साडेनऊ हजारात येतो, सांगणारा माणूस विकत मिळत नाही. तेलुगू किंवा कन्नड घरात बोलणारी, आवाज बरा असलेली, महिन्यातून एक संध्याकाळ देऊ शकणारी कुणीही चालेल, शिक्षणाची अट नाही. फिल्म आठ दिवस आधी दाखवू, तयारी करून घेऊ.

आता थोडं मनातलं बोलतो, रागावू नका. मागच्या वर्षी हेच आवाहन तीन ग्रुपवर टाकलं होतं, दीडशेच्या वर अंगठे आणि नमस्कार आले, प्रत्यक्ष मदत अकरा जणांनी केली. एका मोठ्या संस्थेनं पावसाळ्यात हॉल देतो म्हणून आम्हाला बोलावून फोटो काढले आणि आदल्या दिवशी फोनच उचलला नाही, आम्ही दोनशे माणसांना घरोघरी जाऊन शो रद्द म्हणून सांगितलं. गणपतीला आणि मिरवणुकीला आपली गल्ली सढळ हातानं देते, द्यायलाच पाहिजे, मी पण देतो. पण पडद्यासाठी दारात गेलं की, अजून चालू आहे का ते, असं विचारतात तेव्हा वाईट वाटतं. चालू आहे. पाऊस, परीक्षा आणि निवडणूक सोडली तर एकही सीझन बंद पडलेला नाही.

यावर्षी विषय चार धरलेत, पाणी, कापड, ज्वारी आणि ऊन. ज्वारीच्या शोला मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीवर बोलायला एक शेतकरी येणार आहेत, स्वतःच्या घरचं बी घेऊन. आणि उन्हाचा विषय आपल्या अगदी घरातला आहे. मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो तेव्हा पूर्व भागातल्या पत्र्याच्या खोलीत माग चालवणाऱ्याचं आणि विडी वळणारीचं काय होतं ते मी सांगायला नको. अहमदाबादला २०१० च्या उन्हाच्या लाटेत खूप माणसं गेली, त्यानंतर २०१३ पासून त्यांनी उन्हाळ्याचा आराखडा केला, पुढं छपरांना पांढरा लेप द्यायला सुरुवात केली. पांढऱ्या छपरावरून ऊन परत फिरतं, पत्रा कमी तापतो. ते पडद्यावर दाखवायचं आणि मार्च संपायच्या आत आपल्या गल्लीतल्या दहा पत्र्यांना चुन्याचा पांढरा हात मारायचा, असं यंदा ठरवलंय. नुसतं बघून घरी जायचं नाही.

हिशोब असा. लॅम्प ९,५००, वायरलेस माईक आणि लांब केबल ४,५००, फिल्मची फी ८,००० (बनवणाऱ्याला मेल करून परवानगी घेतल्याशिवाय आपण दाखवत नाही, बरेचजण गल्लीच्या फुकट शोला हो म्हणतात, काही फी घेतात, तो त्यांचा हक्क आहे), चुना, फेव्हिकॉल, ब्रश ६,०००, कुंभारीच्या गोदुताई परुळेकर वसाहतीत दोन शो आहेत त्याचा टेम्पो ४,०००, एकूण ३२,०००. जमलेत ६,३५०, कमी आहेत २५,६५०. क्यूआर वाचनालयाच्या दाराला आतून लावलाय, चेक मंडळाच्या नावानं, रोख फक्त खजिनदारांकडं संध्याकाळी ७ ते ९, पावती घेतल्याशिवाय देऊ नका, ८०जीची करसवलत नाही, ५० रुपये पण चालतात, गुप्त दान असेल तर तसं सांगा. जानेवारी अखेरपर्यंत लॅम्प हातात पाहिजे, यायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून ऑर्डर त्याआधीच द्यावी लागेल. शो संध्याकाळी साडेसातला, मे मध्ये पावणेआठला कारण त्याआधी पडद्यावर उजेड असतो, १० नंतर लाऊडस्पीकर बंद करायचा नियम आहे म्हणून साडेनऊला संपवतोच. खांबावरचा लाईट शोपुरता बंद ठेवायला ज्यांच्या घरासमोर खांब आहे त्यांनी हरकत घेऊ नये ही विनंती. पाण्याची बाटली घरून भरून आणा. जुने स्पीकर, एक्स्टेंशन बोर्ड, चालू स्थितीतला इन्व्हर्टर कुणाकडं पडून असेल तर तोही द्या, येऊन न्यायचं काम आमच्याकडं लागलं. पुण्या-हैदराबादच्या मंडळींनी पैसे पाठवले तर मेसेजमध्ये आई-वडिलांचं नाव लिहा, पहिल्या शोच्या आधी सगळी नावं वाचून दाखवणार आहोत, म्हाताऱ्यांना बरं वाटतं.

आपला,
चिटणीस

ता. क. चुना मारायला ज्यांचा पत्रा द्यायचाय त्यांनी वाचनालयातल्या वहीत नाव आणि पत्र्याची लांबी-रुंदी लिहा, गंजलेला असेल तर तेही लिहा, आधी घासावा लागतो. दहाच पत्रे होतील. त्यातले पहिले तीन विडी कामगार मावश्यांच्या घरांचे धरलेत, त्यावर कुणी वाद घालू नये.