मुरमाचा परवाना देण्याआधी गोट्यांची वर्तुळं मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वेल्समध्ये पेम्ब्रोकशायरच्या समुद्रकाठी, पूर्वी सेंट पॅट्रिकचं चॅपल होतं त्या जागी सापडलेल्या जुन्या ख्रिस्ती थडग्यांबद्दल वाचलं. २०१४ च्या वादळांनी तिथला किनारा खचला. उरलेलंही समुद्र नेईल म्हणून पुरातत्त्ववाल्यांनी पुढे टप्प्याटप्प्याने उत्खनन केलं. हजार वर्षांपूर्वीची माणसं, डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, काहींच्या भोवती दगडी फरश्या लावलेल्या. सोबत भांडी-हत्यारं पुरायची त्यांची रीत नव्हती, त्यामुळे बरंचसं हाडांवरूनच ओळखायचं.

आमच्याकडे नागपूर जिल्ह्यात उलट. हिंगणा तालुक्यात, जुनापाणीला, माहुरझरीला गोट्यांच्या वर्तुळांखाली, म्हणजे मोठे दगड गोलाकार मांडून केलेल्या जुन्या थडग्यांखाली, लोखंडी कुऱ्हाडी, काळी-तांबडी मडकी निघाली. माहुरझरीला तर तांब्याच्या दागिन्यांसकट घोडे पुरलेले होते. ही माणसं येशूच्याही कितीतरी शतकं आधीची. काही गोट्यांवर ओळीने कोरलेले खळगे आहेत, त्यांची नोंद रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्येच करून ठेवली. आमची गुराखी पोरं त्यात कंचे खेळायची.

आणि या वर्तुळांपायी एका पाद्र्याचा जीवही गेलेला आहे. ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे ते स्टीफन हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची वर्तुळं पाहायला आले होते. संध्याकाळी घोड्यावरून बोरीकडे परतताना पुराच्या नाल्यात बुडाले. पुढे नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देवांनी टाकळघाट-खापा आणि माहुरझरीला उत्खनन केलं. म्हणजे माहिती नाही, असं कोणी म्हणू नये.

तिकडे समुद्र, इकडे जेसीबी. त्या जुन्या लोकांनी काळी जमीन पेरायला राखली आणि मुरमाड बरडावर आपली माणसं पुरली. शहाणपणाचंच केलं. पण आता पांदण रस्ता असो की लेआउट, मुरूम लागतो तो याच बरडाचा. वर्तुळातले मोठे गोटे आधी बाजूला लोटतात, मग ते कुणाच्या धुऱ्यावर नाहीतर विहिरीच्या बांधकामात जातात. गोटे हलले की खाली काय होतं ते सांगायला कोणी उरत नाही. टिप्परवाल्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याच्या हातातल्या कागदावर वर्तुळ दाखवलेलंच नसतं.

काही जागा केंद्र सरकारने संरक्षित केल्या आहेत. तिथे १०० मीटरपर्यंत खोदकामाला मनाई आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. प्रश्न आहे तो यादीत नसलेल्या, कुणाच्या पडीत नाहीतर गायरानात असलेल्या वर्तुळांचा. माझी मागणी एवढीच, की मुरमाचा परवाना देण्याआधी तलाठी आणि पुरातत्त्वचा माणूस यांनी जागेवर येऊन पंचनामा करावा, आणि वर्तुळ असेल तर ते गावनकाशावर दाखवावं. त्यासाठी कोट्यवधीचं संग्रहालय लागत नाही. टेप लागतो, खडू लागतो, मोबाईलचा कॅमेरा लागतो.

टेप धरायला आमच्या गावची पोरं येतील. फक्त पावसाळ्यात येऊ नका, कंबरभर गवतात गोटे दिसत नाहीत. तूर निघाल्यावर, फेब्रुवारीत बरं.

आपला,
एक कास्तकार, ता. हिंगणा, जि. नागपूर