सवाईला पहिल्यांदा येणाऱ्या सभासदांसाठी

नमस्कार. डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला यंदा आपल्यातले बरेच जण प्रथमच येत आहेत, याचा फार आनंद आहे. पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ पुण्यात सुरू केलेला हा उत्सव. तिथले काही रिवाज तिकिटावर छापलेले नसतात, म्हणून आधीच कळवतो.

विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं गायन, रंगात असताना उठू नका. निघायचंच असेल तर राग संपू द्या. तानपुरे पुन्हा जुळवायला घेतले की पटकन निघा. गवई आलापीत एकेक स्वर शोधत असतो, तेव्हा टाळ्या नकोत. सुंदर तान (स्वरांची वेगवान लड) घेऊन तो समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला की ‘वा!’ आपोआप निघते, ती अजिबात अडवू नका. कलाकारालाही ती हवी असते. ताल मांडीवर धरा, पण आवाज न करता.

जमिनीवरच्या बैठकीत मंचाकडे पाय पसरू नयेत. गुडघे दुखत असतील तर सरळ खुर्चीचं तिकीट काढा, त्यात कमीपणा नाही. रुमाल टाकून अख्खी रांग अडवणं मात्र कृपया टाळा. राग ओळखू आला नाही तर मध्यंतरात शेजारच्या जाणत्यांना विचारा, आनंदाने सांगतात.