साडेआठची उपासना

ठाणे, रविवार रात्र

प्रिय आई-बाबा,

सलाम.

मागच्या फोनवर मी फुशारकी मारली होती, की आता आमच्या चर्चची रविवारची उपासना साडेदहाला होणार. तर ती साडेआठलाच राहिली, आणि चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीत त्यासाठी हात वर करणाऱ्यांत मीही होते. हसू नका.

सहा दिवस मी ठाण्याहून ऐरोलीची लोकल पकडते, झोपायला मिळतो तो एक रविवार. साडेदहासाठी सह्या मीच गोळा करत होते. तरुण संघ, लहान मुलांच्या आया, सगळे तयार.

तिसऱ्या बाकावर एक बाई उपदेश सुरू झाला की खांबाला डोकं टेकून झोपतात. मला राग यायचा, खरं सांगते. सहीसाठी त्यांच्याकडे गेले तर पायाशी डब्याची पिशवी, हातांना स्पिरिटचा वास. दवाखान्यातली रात्रपाळी आठला संपते, तिथून थेट येतात. "साडेदहाला म्हणजे मधे घरी जाईन, आणि पडले की उठवत नाही गं," म्हणाल्या. "पण सगळ्यांची सोय होत असेल तर होऊ दे." आणि सही केली! अशा चौघी आहेत मंडळीत.

तो कागद पर्समधून बाहेर निघालाच नाही.

बाबा, तुमची घंटा आठवली. संध्याकाळची उपासना सातची, पण खुरपायला गेलेल्या बाया परतल्याशिवाय तुम्ही दोरीला हात लावत नव्हता. पाळकसाहेब घड्याळ बघायचे, आई कंदिलाची काच पुन्हा पुन्हा पुसायची. बायबलात करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात पौलाने हेच सांगितलं ना, भोजनाला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा? तिथे सवडीचे लोक आधी जेवून मोकळे व्हायचे आणि बाकीचे उपाशी.

कमिटीत बराच वाद झाला. शेवटी मी म्हटलं, १९७० साली नागपुरात सहा चर्चसंस्थांनी एक होण्यासाठी आपापली नावं सोडली तेव्हा सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली, आणि आपल्याला दोन तासांची झोप सोडवेना. वाक्य तुमचंच, बाबा. झोप माझी.

आज गजर वाजल्यावर मी काय बोलले ते आईला लिहिण्यासारखं नाही. वर चहाचं पातेलंही गळ्यात पडलंय. बाई आज पहिल्या गीतालाच झोपल्या. मी पंखा तेवढा त्यांच्याकडे वळवला.

हंगामाच्या सणाला येते. चर्चमधल्या लिलावात माझ्यासाठी कोहळा घेऊ नका, एसटीत मांडीवर घेऊन बसावं लागतं.

तुमची,
बेबी