पिकअपचं बूड उचललं म्हणजे वजन कमी झालं असं नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी मूळचा निफाड तालुक्यातला, गेली १४ वर्षं अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये डेन्व्हरजवळ राहतो, पण सकाळचा चहा तुमच्या ई-पेपरबरोबरच होतो. आज लिहायला बसलो त्याचं कारण धाकट्या भावाचा फोन. तो गावाकडं पिकअप चालवतो, सीझनला टोमॅटो नाहीतर कांदा भरून कसारा घाटानं वाशी मार्केटला जातो. मी दिवाळीला येणार आहे तर म्हणाला, दादा तुझ्या गाडीला लावल्यात ना तशा हवेच्या बॅगा येताना घेऊन ये, गाडी मागून बसणार नाही आणि पंधरा-वीस क्रेट जास्त टाकता येतील. एक क्रेट २० किलोचं धरलं तर हे तीनशे-चारशे किलो झाले. रात्रभर झोप नाही लागली मला, कारण नेमका हाच समज माझाही होता आणि त्यापायी मी बायको-पोरांना घेऊन मरता मरता वाचलोय.

आधी हे सांगतो की एअर बॅग म्हणजे अपघातात स्टिअरिंगमधून फुगते ती नव्हे. ही रबराची जाड फुगवता येणारी पिशवी असते, मागच्या एक्सल (दोन चाकं जोडणारा आडवा दांडा) आणि चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा) यांच्या मधे दोन्ही बाजूला एकेक बसवतात, पाटे म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा आहेत तशाच राहतात आणि त्यांच्या जोडीला ही पिशवी काम करते. हवा ५ पीएसआयपासून (हवेच्या दाबाचं माप, टायरला असतं तेच) १०० पर्यंत भरता येते. इथं एअर लिफ्ट आणि फायरस्टोन या कंपन्यांच्या फार चालतात. अमेरिकेत लोक पिकअपला घरासारखा ट्रेलर जोडून सुट्टीत फिरायला जातात, ट्रेलर जोडला की गाडीचं बूड खाली बसतं, नाक वर होतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात, म्हणून या बॅगा. आपल्याकडे मिस्त्री जास्तीचे पाटे टाकून देतो त्याचाच हा भाऊबंद, फक्त रिकाम्या गाडीला हवा कमी करता येते त्यामुळे गाडी दणके देत नाही एवढा फायदा.

तर माझी गोष्ट. माझा ट्रेलर २६ फुटी, भरून साधारण ३२५० किलो. पिकअपच्या जाहिरातीत लिहिलेलं की ही गाडी ५००० किलो ओढते, म्हटलं मग काय प्रॉब्लेम. पण ओढणं वेगळं आणि अंगावर घेणं वेगळं, हे मला कोणी सांगितलं नाही. मागं जोडलेल्या ट्रेलरचा १० ते १५ टक्के भार त्याच्या दांडीतून थेट पिकअपच्या हुकावर येतो, माझ्या केसमध्ये ४०८ किलो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळा-पांढरा स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून इतक्यापेक्षा जास्त नको म्हणून, माझ्या गाडीचा आकडा ६७० किलो. आता आम्ही चौघं २७०, दांडीचा भार ४०८, मागच्या हौद्यात लाकडं, सायकली, बर्फाचे डबे वगैरे १६०, बेरीज झाली ८३८. म्हणजे १६८ किलो जास्त, आणि तोवर मी ही बेरीज कधी मांडलीच नव्हती, गाडी बसतीय एवढंच दिसत होतं. गॅरेजवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला बॅगा टाकून देतो, मग दुसरं काही लागत नाही. टाकल्या, ६५ पीएसआय हवा भरली, गाडी अशी सपाट उभी राहिली की फोटो काढून गावाकडच्या ग्रुपवर टाकला.

त्या फोटोवरूनच भावाच्या डोक्यात हे आलं असणार, म्हणून मला जास्त वाईट वाटतंय.

जूनमध्ये आम्ही वायोमिंगमधून इंटरस्टेट ८० या हायवेनं निघालो. लॅरामी गावाच्या पुढं त्या रस्त्याला वारा बेकार आहे, कधीकधी हलक्या आणि उंच गाड्यांना रस्ताच बंद करतात. एक मोठा ट्रक बाजूनं पुढं गेला, त्याच्या हवेनं ट्रेलर आधी ओढला गेला मग ढकलला गेला, आणि मागून शेपूट हलावी तसा हलायला लागला. मी स्टिअरिंग धरून होतो पण स्टिअरिंगला वजनच नव्हतं, फिरवतोय पण गाडी ऐकत नाही. बायकोनं मागं हात घालून पोराचा खांदा धरलेला मला आजही दिसतो. नशिबानं पिकअपचा ब्रेक दाबला नाही, फक्त ट्रेलरचा ब्रेक हातानं लावायचं बटण असतं ते दाबलं, तसा ट्रेलर मागं ताणला जाऊन सरळ झाला. पाचसहा सेकंदांची गोष्ट.

पुढं ट्रक स्टॉपवर काटा होता. इथले काटे पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि ट्रेलर असं वेगवेगळं वजन छापून देतात. ट्रेलर सोडून पिकअप एकटी चढवली तेव्हा पुढच्या एक्सलवर १५०० किलो, ट्रेलर जोडून चढवली तर १३३०. मागच्या एक्सलची मर्यादा १७२५ आणि वजन १८०० च्या वर. मग मी एक केलं, बॅगांमधली हवा ६५ वरून ५ पर्यंत काढून टाकली, बूड खाली बसलं, आणि गाडी परत काट्यावर नेली. आकडे जवळपास तेच! पाचदहा किलो इकडंतिकडं. म्हणजे त्या बॅगांनी फक्त उंची बदलली होती, वजन जिथं होतं तिथंच होतं, पुढची चाकं तितकीच हलकी आणि मागचे टायर, बेअरिंग, एक्सल तितकेच दबलेले. गाडी मागून बसते ती तक्रार करत असते, आणि मी तिचं तोंड बंद केलं होतं.

हे ज्यानं बैलगाडी भरलीय त्याला समजवायची गरज नाही खरं तर. मागं जास्त भरलं की गाडी उलाळते, जू वर उचलतं आणि सापत्या बैलांच्या गळ्याला आवळतात. आमचे आजोबा भरताना दोन पोती मागं-पुढं करून आधी जू हातानं उचलून बघायचे. पिकअपमध्येही हाच हिशोब, माझा ट्रेलरचा हूक मागच्या एक्सलच्या ५ फूट मागं आणि पुढचा-मागचा एक्सल १२ फुटांवर, म्हणून ४०८ किलोला ५ नं गुणून १२ नं भागलं की १७० येतात, तेवढं वजन पुढून उचललं जातं आणि तेच परत मागच्या एक्सलवर पडतं. काट्यावर बरोबर तेवढाच फरक आला होता. मागं कितीही हवा भरा, या भागाकारात हवेचा आकडा कुठंच येत नाही.

याच्यावर इलाज आहे, वजन वाटून देणारी हिच (ट्रेलर जोडायचा हूक) म्हणून मिळते, तिच्या दोन जाड स्प्रिंगच्या सळया ट्रेलरच्या दांडीला ताण देऊन थोडा भार पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात. मी आता ती वापरतो, आधी बॅगेत कमीत कमी हवा ठेवून सळया लावतो, पुढच्या मडगार्डची उंची टेपनं मोजतो, आणि मग उरलासुरला झोल काढायला हवा भरतो. आणि तेही ट्रेलर बदलून लहान घेतल्यावर, कारण दारावरचा आकडा हिच बसवूनही वाढत नाही. बॅगा बनवणाऱ्या कंपन्या स्वतः लिहितात की यानं गाडीची वजनमर्यादा वाढत नाही. बॅगा वाईट आहेत असं माझं म्हणणं नाहीच, मर्यादेच्या आत भरलेल्या गाडीला त्या छान, वळणावर झोकांड्या कमी होतात, फक्त डाव्या-उजव्या बॅगेची हवेची नळी वेगवेगळी ठेवा, एकच नळी केली की वळणावर दबलेल्या बॅगेतली हवा दुसरीकडं पळते आणि गाडी उलट जास्त झुकते. सायलेन्सरच्या पाइपापासून लांब बसवा आणि जोडावर साबणाचं पाणी टाकून बघा.

आता आपल्याकडचं. भावाची गाडी ट्रेलर ओढत नाही, पण फाळका उघडा टाकून त्याच्यावर क्रेटचे दोन थर लावले की तोच उलाळा, कारण ते वजन मागच्या एक्सलच्या मागं लटकतं. आणि कसाऱ्यात उतारावर तीनशे-चारशे किलो जास्त थांबवायचे कुणी, ब्रेक तर कंपनीनं पासिंगएवढ्या, म्हणजे आरटीओच्या कागदावर मंजूर असलेल्या वजनाचेच दिलेत, तापले की धरत नाहीत. दंडाचं म्हणाल तर २०१९ च्या कायदादुरुस्तीप्रमाणे ओव्हरलोडला २० हजार आणि वर प्रत्येक जास्तीच्या टनाला २ हजार, आणि गाडीच्या मूळ रचनेत हवे ते बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. पण दंडाच्या भीतीनं कोणी थांबत नाही हे मलाही माहितीय, भाव पडलेला असला की चार क्रेट जास्त नेल्याशिवाय डिझेल सुटत नाही, भाऊ हौस म्हणून ओव्हरलोड करत नाही.

तुमच्याकडे माझी विनंती वेगळी आहे. अपघाताच्या बातमीत कायम एक वाक्य असतं, चालकाचा ताबा सुटल्याने. ताबा त्या वळणावर सुटतो हे बरोबर, पण बऱ्याचदा तो गाडी भरताना शेतातच सुटलेला असतो. तुमच्या बातमीदारांनी मालाच्या गाडीची बातमी देताना गाडीचं पासिंग किती, माल किती होता आणि जास्तीचे पाटे किंवा बॅगा टाकल्या होत्या का, एवढं विचारून छापलं तर वाचणारा ड्रायव्हर निदान स्वतःच्या गाडीकडे एकदा वळून बघेल. आणि पिकअपवाल्यांना सांगायचं तर साखर कारखान्याचा म्हणा, मार्केट यार्डाचा म्हणा, वजनकाटा जवळपास असतोच, त्याच्यावर नुसती पुढची चाकं चढवून एकदा रिकाम्या आणि एकदा भरलेल्या गाडीचं वजन घ्या, भरल्यावर पुढचा आकडा कमी झाला तर माल पुढं सरकवा नाहीतर उतरवा.

भावाला मी बॅगा आणणार नाही असं कळवलंय, तो जरा नाराज आहे. दिवाळीत आलो की आम्ही दोघं त्याची गाडी घेऊन काट्यावर जाणार आहोत, आधी रिकामी मग तो नेहमी भरतो तशी भरून, आणि जे आकडे येतील ते तुम्हाला पाठवीन.

आपला,
एक वाचक,
डेन्व्हर, कोलोरॅडो (मूळ गाव तालुका निफाड, जिल्हा नाशिक)