'चवीपुरते मीठ' नको, माप छापा

मा. संपादक,

ऊन तापू लागले की पुरवण्यांतून 'आजीचा बटवा' उघडतो. जुलाबावर लिंबू पिळलेला कोरा चहा, जायफळ, बेलाचा मुरंबा असे सगळे त्यात सापडते. साखर-मीठ-पाणी मात्र एका ओळीत उरकतात आणि मीठ म्हणे 'चवीपुरते'. घात होतो तो इथेच.

टँकरचे पाणी टाक्या-रांजणांत दिवसेंदिवस साठवणाऱ्या आपल्या मराठवाड्यात माप नेमके हवे. उकळून गार केलेले एक लिटर पाणी, ५ मिलीच्या चमच्याने साखर सहा चमचे, मीठ अर्धा चमचा. चमचा शिगोशीग नको, बोटाने सपाट करावा. आतडे साखरेबरोबर सोडियम शोषते आणि त्यामागोमाग पाणी, म्हणून दोन्ही लागतात. साखर जास्त झाली की ती उलट आतड्यात पाणी ओढते, जुलाब वाढतात. मीठ जास्त झाले तर तान्ह्या मुलाला झटके येऊ शकतात. आधी चाखावे; आसवांपेक्षा खारट लागले तर ओतून द्यावे.

ओआरएसची पुडी मिळाली तर तीच बरी, तिच्यात पोटॅशियमही असते. पण लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवण्याचा प्रकार सर्रास चालतो. पुडीवर लिहिले तेवढेच पाणी, आणि पुडी अख्खी. २४ तासांनी उरलेले फेकावे.

प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, मोठ्या मुलाला १०० ते २०० मिली द्यावे, तेही चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध तोडू नये. मीठ घातलेली भाताची पेजही चालते.

जायफळ उगाळून चाटवण्याला माझा ठाम विरोध आहे. मूल गुंगते, पाणी पीत नाही आणि घरच्यांना वाटते उतार पडला. टाळू खोल गेली म्हणून तेल भरत बसणेही तसेच. अंगातले पाणी आटल्याची ती खूण असते. टाळू किंवा डोळे खोल गेले, सहा तास लघवी नाही, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश बसते, शौचात रक्त दिसते किंवा मूल सुस्त पडते, यातले काहीही दिसले तर तडक दवाखाना गाठावा आणि वाटेतही पाणी पाजत राहावे.

— एक निवृत्त परिचारिका, परभणी