पोहण्याच्या तलावात होडी येऊ द्या

मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

हे पत्र सांगलीहून लिहितोय. पहाटे कृष्णेच्या घाटावर पोहायला येणाऱ्यांपैकी मी एक. आमच्याकडे नदीत होड्यांच्या शर्यती लागतात, तेव्हा पुलावर पाय ठेवायला जागा उरत नाही. वल्हं पाण्यात पडण्याचा तो आवाज लहानपणापासून कानात बसलेला आहे. पुढे पुण्यात सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकायला गेलो. तिथल्या बोट क्लबची रेगाटा, म्हणजे होड्यांचा उत्सव, १९२८ पासून मुळा नदीवर भरते. कयाकमध्ये, म्हणजे दोन पात्यांच्या वल्ह्यानं चालवायच्या अरुंद होडीत, मी पहिल्यांदा तिथंच बसलो आणि त्या दिवसापासून ही होडी काही सुटली नाही. गेली काही वर्षं इथल्या पोरापोरींना कनू पोलो शिकवतोय. त्याबद्दलच एक मागणं आहे, आणि त्यासाठी नवं बांधकाम काहीच करावं लागणार नाही.

खेळ आधी सांगतो, कारण नाव ऐकलं की लोक घोडे शोधतात. पाण्यावर दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू, प्रत्येक जण तीन मीटरच्या आतल्या छोट्या कयाकमध्ये. चेंडू वॉटर पोलोचा. गोल म्हणजे पाण्यापासून दोन मीटर उंचीवर टांगलेली जाळीची चौकट, एक मीटर उंच आणि दीड मीटर रुंद. चेंडू हातानं फेकायचा, वल्ह्यानं अडवायचा, आणि पाच सेकंदांपेक्षा जास्त स्वतःजवळ ठेवायचा नाही. गोलकीपर वल्हं उभं धरून चौकटीखाली तोल सांभाळत बसतो. ज्याच्या हातात चेंडू आहे, त्याला खांद्याला उघड्या हातानं ढकलून उलथवता येतं, ते नियमात बसतं. उलटलेला खेळाडू पाण्याखालून कमरेच्या झटक्यानं होडीसकट वर येतो आणि खेळ चालूच राहतो. दहा-दहा मिनिटांचे दोन डाव. डोक्यावर जाळीचं हेल्मेट, अंगात जाडसर जॅकेट, होडीच्या दोन्ही टोकांना फोमची गादी. पहिली जागतिक स्पर्धा १९९४ मध्ये इंग्लंडातल्या शेफील्डला झाली आणि २००५ पासून वर्ल्ड गेम्समध्ये, म्हणजे ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळांच्या जागतिक स्पर्धेत, हा खेळ आहे. आशियात इराण, जपान, सिंगापूरचे संघ तो मन लावून खेळतात.

आता माझी अडचण.

नवख्या पोराला पहिल्या दिवशी गोल मारायला शिकवत नाहीत, उलटायला शिकवतात. कयाकमध्ये कमरेभोवती रबरी स्कर्ट असतो, तो होडीच्या तोंडावर घट्ट बसतो म्हणजे आत पाणी शिरत नाही. होडी उलटली की डोकं खाली, पाय आत अडकलेले, नाकातोंडात पाणी. त्या क्षणी काय करायचं हे हाताला पाठ असावं लागतं. होडीच्या तळावर तीनदा थाप मारायची, स्कर्टची पुढची पट्टी शोधायची, ती पुढे आणि वर ओढायची, मग मांड्या सोडवून बाहेर यायचं. सगळं मिळून पाच-सात सेकंद. पण पहिल्यांदा ते पाच सेकंद फार लांब वाटतात. म्हणून शिकवणारा छातीएवढ्या पाण्यात शेजारी उभा पाहिजे, आणि पाणी असं पाहिजे की पोरानं डोळे उघडले तर त्याला शिकवणारा दिसेल.

कृष्णेत हे जमत नाही. पावसाळ्यात पाणी चढलेलं असतं, उन्हाळ्यात गढूळ आणि शेवाळलेलं. शिवाय मगरी. आमच्या भागात नदीकाठच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. सराईत वल्हेकरी जातील त्या पाण्यात, पण नवख्या मुलाला मी तिथं मुद्दाम पालथं घालणार नाही. मग आम्ही शेततळ्यात गेलो. शेततळ्याला प्लास्टिकचं अस्तर असतं. ओलं झालं की त्यावर पाय ठरत नाही, धरायला काठ नाही, आणि उथळ बाजू अशी नसतेच. दोन दिवसांत मी ते बंद केलं.

गेल्या मे महिन्यात एका ओळखीच्या माणसानं त्यांचा खाजगी तलाव चार दिवस वापरायला दिला. तिथली एक गोष्ट सांगतो. तेरा वर्षांची एक मुलगी, वडील रिक्षा चालवतात, तिला पोहता यायचं पण डोकं पाण्याखाली घालायची भीती. पहिल्या दिवशी ती नुसती काठाला दोन्ही हातांनी धरून कयाक डावी-उजवीकडे कलती करत बसली. अर्धी उलटायची, कमरेनं सरळ करायची. अर्धी उलटायची, सरळ करायची. दुसऱ्या दिवशी माझे हात धरून तेच. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून होडी पालथी केली. मी शेजारी उभा होतो. खाली केस पसरलेले, डोळे टक्क उघडे, आणि तळावर तीन थापा, न घाबरता, मोजून मारलेल्या. वर आली ती खोकत खोकतच म्हणाली, "सर, खाली सगळं निळं दिसतं." चौथ्या दिवशी ती दुसऱ्या मुलीला शिकवत होती. पाचव्या दिवशी आमच्याकडे तलाव नव्हता.

महोदय, राज्यात महापालिकांचे, नगरपरिषदांचे, क्रीडा संकुलांचे पोहण्याचे तलाव आहेत. पन्नास बाय पंचवीस मीटरच्या तलावात कनू पोलोचं पस्तीस बाय तेवीस मीटरचं मैदान आरामात बसतं. शिकायला तर पंचवीस मीटरचा पुरतो, त्याची उथळ बाजू पुरते. भर दुपारी आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत या तलावांवर जीवरक्षक असतो, पाणी शुद्ध असतं, पण पोहणारे थोडेच असतात. ती वेळ आम्हाला द्या.

मी एका तलावासाठी रीतसर अर्ज केला होता. चार महिने खेटे घातल्यावर तोंडी उत्तर मिळालं की पोहण्याच्या तलावात होडी घालणं नियमात बसत नाही. कोणता नियम, ते कुणी दाखवलं नाही. फरशा फुटतील, पाणी घाण होईल, मुलाला काही झालं तर जबाबदार कोण, अशा शंका होत्या. शंका रास्त आहेत आणि तिन्हींना उत्तर आहे. होडीच्या टोकांना गादी असते, आणि ती कशी असावी हे खेळाच्या नियमांतच सांगितलेलं आहे. तलावात उतरवण्याआधी होडी गोड्या पाण्यानं धुवायची आणि तलावाच्या होड्या तलावातच ठेवायच्या, म्हणजे नदीचा चिखल येत नाही. आणि एका वेळी एकच मूल उलटेल, शेजारी एक माणूस उभा असेल, हे लेखी बंधन घाला. पण हे सगळं ठरवण्याचा अधिकार तलावाच्या व्यवस्थापकाला नाही. त्याला वरून कागद लागतो. तो कागद, एक शासन निर्णय, आपल्या खात्यातून निघू शकतो.

सोबत आणखी थोडं हवंय. प्रत्येक विभागीय क्रीडा संकुलात दहा-बारा कयाक, त्यांची वल्ही, हेल्मेट आणि जॅकेट. कयाक महाग असते, कुठलाही रिक्षावाला बाप ती घेऊन देणार नाही, आणि तिच्याशिवाय खेळ सुरूच होत नाही. होड्या संकुलाच्या असतील तर मुलाला फक्त टॉवेल आणायचा आहे. आणि तिथल्या जीवरक्षकांना आठवडाभराचं प्रशिक्षण द्या. ते पाण्यातले आहेत, त्यांना हे लवकर येईल.

पालक मला पहिला प्रश्न विचारतात तो ग्रेस गुणांचा. दहावीला धरतात का सर, नोकरीत चालतं का. मी त्यांना दोष देत नाही, शेतकरी-कामगाराच्या घरात तो हिशेब करावाच लागतो. पण आज मी आपल्याकडे गुण मागत नाही. आधी मुलं पाण्यावर येऊ देत, संघ होऊ देत, जिल्ह्याजिल्ह्यांत सामने होऊ देत, मग तो विषय काढीन.

दत्तू भोकनळचं उदाहरण आपल्याला ठाऊक आहे. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, दुष्काळी गाव. विहिरी खणणारा हा मुलगा सैन्यात गेला, पुण्यात त्याच्या हातात वल्हं आलं आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या रोइंगमध्ये तो तेरावा आला. रोइंग हा वेगळा खेळ, तिथं पाठ पुढे करून वल्हवतात. पण त्याला पाणी भेटलं ते सैन्यात गेल्यावर, हे मला सारखं आठवतं. शेजारच्या मध्य प्रदेशात भोपाळच्या तलावावर तयार झालेली प्राची यादव टोकियो पॅरालिंपिकला पॅराकनूच्या, म्हणजे दिव्यांगांच्या होडी शर्यतीच्या, अंतिम फेरीत उतरली, पुढे आशियाई पॅरा स्पर्धेत तिनं सुवर्ण घेतलं. कयाकमध्ये बसल्यावर कुणाचे पाय कसे आहेत हे दिसत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत एका पायाला पोलिओ झालेला एक तरुण आहे, बसल्या जागेवरून चेंडू सर्वांत लांब तोच फेकतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१९ च्या महापुरात आमच्या जिल्ह्यात ब्रह्मनाळला माणसं घेऊन निघालेली होडी उलटली. त्या दिवशी कोण होतं, कोण नव्हतं, यावर मी बोलणार नाही, ती जखम अजून ओली आहे. पण नदीकाठच्या प्रत्येक गावात उलटलेल्या होडीखाली भान न सोडणारी चार पोरं असावीत, असं तेव्हापासून वाटतं. ती पोरं पुस्तकातून तयार होत नाहीत. ती रोज संध्याकाळी खेळायला येतात, एकमेकांना ढकलतात, उलटतात, हसत वर येतात, आणि असं दोन-तीन वर्षं झालं की त्यांना पाण्याची भीती उरत नाही.

आपला सांगली दौरा असेल तेव्हा एक तास राखून ठेवा, ही विनंती. तलाव कुठला मिळेल ते तोवर आपल्याच कार्यालयाला ठरवावं लागेल. होड्या आमच्याकडे चार आहेत, जुन्या आहेत पण गळत नाहीत. पाइपच्या गोलपोस्ट मी घेऊन येतो. ती रिक्षावाल्या दादांची मुलगी आता आठवीत आहे. तळावर तीन थापा कशा मारायच्या, ते ती आपल्याला दाखवेल.

आपला नम्र,
कनू पोलोचा एक प्रशिक्षक,
कृष्णाकाठ, सांगली